बुरूज कोसळला तेव्हा येशू काय म्हणाला

जेरुसलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळला आणि त्याखाली सापडून १८ माणसं मेली. त्याच सुमाराला रोमन सुभेदार पिलाताने यज्ञ करायला आलेल्या काही गालीलकरांना कापून काढलं आणि त्यांचं रक्त त्यांच्याच यज्ञबलींच्या रक्तात मिसळलं. एक अपघात, एक कत्तल. दोन्ही त्या काळच्या ताज्या बातम्या. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात त्या पाच ओवींत येऊन जातात, पण युद्ध, भूकंप, बॉम्बस्फोट, महामारी अशी बातमी आली की ख्रिस्ती माणसाने विचार कुठून सुरू करावा, हे त्या पाच ओवींत आहे.

कत्तलीची बातमी लोकांनी येशूला सांगितली. सांगणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्याने ओळखलं. मेले म्हणजे त्यांनी काहीतरी केलं असणार. तो विचारतो, बाकीच्या गालीलकरांपेक्षा हे जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही तोच देतो, नाही. मग बुरुजाची गोष्ट तो आपणहून काढतो आणि पुन्हा तेच म्हणतो, जेरुसलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा ते १८ जण जास्त अपराधी नव्हते. पुढचं वाक्य मात्र कडक आहे. पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल, असं तो ऐकणाऱ्यांना बजावतो. हे वाक्य गाळून येशूला नुसता मवाळ करून टाकणं बरोबर नाही. पण त्याचा रोख बघा. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब तो करू देत नाही, जिवंत आहेत त्यांना स्वतःकडे बघायला लावतो. बातमी ऐकणाऱ्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवरून खाली उतरवतो.

योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) हाच प्रश्न शिष्य विचारतात. समोर जन्मांध माणूस आहे. पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? आपल्याकडे हा प्रश्न फारसा बदलावा लागत नाही. ‘कुठल्या जन्माचं फेडतोय कोण जाणे’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर सापडणं अवघड, आणि ख्रिस्ती घरंही त्याला अपवाद नाहीत. येशूचं उत्तर असं की याने पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. एवढं बोलून तो थांबत नाही. थुंकीने चिखल कालवतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला धुऊन यायला पाठवतो.

बायबलमध्ये पापाची शिक्षा म्हणून संकट आल्याच्या गोष्टी नाहीत असं नाही. जुन्या करारात त्या भरपूर आहेत. म्हणूनच तर हा समज चिवट आहे. पण त्याच जुन्या करारात त्याच्या विरोधात उभं राहिलेलं एक अख्खं पुस्तक आहे. ते पुस्तक ईयोबाचं.

ईयोब सज्जन माणूस. गुरंढोरं गेली, घर कोसळून दहाही मुलं गेली, अंगभर फोड आले. तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. तिथवर ते मित्र आदर्श आहेत. मग ते बोलायला लागतात. देव न्यायी आहे, न्यायी देव निरपराध्याला शिक्षा करत नाही, तेव्हा तुझं काहीतरी चुकलं असणार, कबूल कर. एकापाठोपाठ एक भाषणं. ईयोब ऐकत नाही. तो देवाशीच भांडतो, त्याला जाब विचारतो, जन्मलो तो दिवस नाहीसा होवो म्हणतो.

शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण ‘का’ याचं उत्तर देत नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, रानातल्या शेळ्या कधी वितात ते तुला ठाऊक आहे का, असले प्रश्न उलट विचारतो. ईयोबाबद्दल स्वर्गात देवाचं सैतानाशी काय बोलणं झालं होतं, हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं, ईयोबाला ते कधीच कळत नाही. खरी मेख ४२ व्या अध्यायात आहे. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर देव रागावतो. माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. म्हणजे तक्रार करणारा पास आणि वकिली करणारे नापास. (शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात, हा भाग मला कधीच पचलेला नाही. नव्या दहांनी पहिल्या दहांची जागा भरून येते, असं कुठल्या आईबापांनी म्हटलंय?)

तरीही माणसाचं डोकं ‘का’ विचारायचं थांबत नाही, आणि थांबूही नये. तत्त्वज्ञानात हा पेच एपिक्युरस या ग्रीक विचारवंताच्या नावावर सांगतात. देवाला दुष्टाई थांबवायची आहे पण जमत नाही, तर तो सर्वसमर्थ कसला? जमतं पण थांबवायची नाही, तर तो चांगला कसला? आणि जमतंही, थांबवायचीही आहे, तर मग दुष्टाई आली कुठून?

ख्रिस्ती परंपरेतलं सगळ्यात वजनदार उत्तर ऑगस्टीनचं. आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो शहराचा हा बिशप. ४१० साली अलारिकच्या गॉथ फौजेने रोम लुटलं तेव्हा साऱ्या साम्राज्यात हलकल्लोळ झाला. जुने देव सोडून ख्रिस्ताच्या मागे लागलात म्हणून ही वेळ आली, असं लोक म्हणू लागले. ऑगस्टीनने उत्तर लिहायला घेतलं आणि ते लिहिण्यात बारा-तेरा वर्षं गेली. लूट आणि अत्याचार यांत सज्जन आणि दुर्जन दोघेही सापडतात, तेव्हा कोणावर काय ओढवलं यावरून तो कसा होता हे ठरवू नका, असं तो सुरुवातीलाच सांगतो. दुष्टाई म्हणजे काय, याबद्दलही त्याचं म्हणणं ठाम होतं. दुष्टाई ही देवाने निर्माण केलेली वस्तू नव्हे, ती चांगल्यातली उणीव आहे. सदऱ्याला भोक पडतं तसं. सदरा भोकाशिवाय असू शकतो, भोक सदऱ्याशिवाय असू शकत नाही. आणि ही उणीव आली ती देवाने दिलेलं स्वातंत्र्य माणसाने चुकीकडे वळवलं म्हणून.

यालाच इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद म्हणतात. प्रेम करायचं स्वातंत्र्य द्यायचं तर द्वेष करायचंही द्यावं लागतं. १९७० च्या दशकात अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी तो इतका काटेकोर मांडला की ‘देव आहे’ आणि ‘दुष्टाई आहे’ या दोन विधानांत सरळ तार्किक विसंगती नाही, हे नास्तिक तत्त्वज्ञांपैकीही बऱ्याच जणांनी मान्य केलं. पण यातून सिद्ध काय झालं? एवढंच, की विश्वास ठेवणं हा वेडेपणा नव्हे. अमुक घरातलं अमुक मूल का गेलं, याबद्दल हा युक्तिवाद काही बोलत नाही. शिवाय भूकंपाचं काय? जमिनीखालच्या खडकाला कुठलं इच्छास्वातंत्र्य?

दुसरं उत्तर त्याहून जुनं. दुसऱ्या शतकातले बिशप इरेनियस यांच्या लिखाणातून ते पुढे आलं. माणूस तयार होऊन जन्माला येत नाही, त्याला पिकत जायचं आहे, आणि जिथे कष्ट नाहीत, धोका नाही, तिथे धीर आणि दया शिकणार कशी? यात तथ्य आहे. पण हे दुसऱ्याला त्याच्या दुःखात ऐकवायचं उत्तर नव्हे. स्वतःच्या दुःखाबद्दल, तेही काही वर्षांनी, एखाद्याने म्हटलं तर म्हणावं. आणि शिकायची संधी मिळण्याआधीच जी मुलं गेली, त्यांच्यापाशी हे उत्तर साफ अडतं.

भूकंपाचा प्रश्न युरोपच्या गळ्याशी आला तो १७५५ साली. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमाराला पोर्तुगालमधल्या लिस्बनची चर्चं भाविकांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या. जमीन हादरली आणि चर्चची छतं त्याच भाविकांवर आली. पडलेल्या मेणबत्त्यांनी आगी लावल्या. मोकळ्या जागेत जीव वाचवायला नदीकाठी धावलेल्यांवर समुद्राची लाट आली. हजारो लोक गेले. कॅथलिक राज्याची राजधानी, सणाचा दिवस, प्रार्थनेची वेळ. शिक्षेचं गणित इथे बसवायचं तरी कसं?

तरी ते बसवणारे निघालेच. गाब्रिएल मालाग्रिदा या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने पत्रक काढलं की भूकंपाला नैसर्गिक कारणं नाहीत, लिस्बनकरांची पापं हेच कारण, आणि आता झोपड्या बांधण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्या. राजाचा मंत्री पोंबाल भूकंपानंतर लगेच प्रेतांची विल्हेवाट लावण्यात, धान्य आणण्यात, लुटालूट थांबवण्यात गुंतला होता. त्याने राज्यातल्या गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, किती माणसं गेली, समुद्र आधी मागे हटला की वर आला? भूकंपशास्त्राचे अभ्यासक आजही ती उत्तरं वाचतात. हा पोंबाल काही संत नव्हता. पुढे मालाग्रिदाला मृत्युदंड झाला, त्यामागे त्याचाच हात होता. पण आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात कोण लूकच्या १३ व्या अध्यायाच्या जास्त जवळ होता, असं विचाराल तर मी धर्मगुरूचं नाव घेणार नाही.

फ्रेंच लेखक व्होल्तेरने लिस्बनवर कविता लिहिली आणि ‘सगळं भल्यासाठीच होतं’ म्हणणाऱ्यांना फाडून काढलं. त्यावर तत्त्वज्ञ रूसोने त्याला १७५६ मध्ये पत्र लिहून एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे एकाला एक चिकटून निसर्गाने बांधली नव्हती. किल्लारी ज्यांना आठवतं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला आलेले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाचं मान ६.२ ते ६.४ च्या आसपास होतं, जगात याहून मोठे भूकंप दर वर्षी होतात. माणसं मारली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या धाब्याच्या जड मातीने. म्हणजे नैसर्गिक आपत्ती आणि माणसाने केलेलं यांच्यातली रेघ आपल्याला वाटते तितकी स्वच्छ नसते. शिलोहाचा बुरूजही कुणीतरी बांधलाच होता की.

आपत्तीचा असा अर्थ लावायचा मोह फक्त ख्रिस्ती धर्मगुरूंना होतो असंही नाही. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. हेतू चांगला होता. रवींद्रनाथ टागोरांनी तरीही जाहीर विरोध केला. भूकंपात मेलेल्यांत अस्पृश्यही होते, हे कुणाच्याही ध्यानात यावं.

मग ख्रिस्ती माणसाने बातमी ऐकून करायचं काय? बायबलचं पहिलं उत्तर आहे, रडा आणि भांडा. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. ‘किती काळ, हे परमेश्वरा?’ हा प्रश्न त्यांत पुन्हा पुन्हा येतो. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र ग्रंथातच आहे. ४४ व्या स्तोत्रात लोक देवाला म्हणतात, जागा हो, का झोपलास? आपल्याकडे अंत्यविधीला ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’ म्हणायची पद्धत आहे. त्यापेक्षा ४४ वं स्तोत्र वाचलेलं बरं, आणि ते जास्त धार्मिकही आहे.

२८ मे २००६ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे आउशवित्झच्या जुन्या नाझी मृत्युछावणीत गेले. ते जर्मन. त्या दिवसांत देव कुठे होता, तो गप्प का राहिला, असं तिथे त्यांनी उघड विचारलं आणि हेच ४४ वं स्तोत्र वाचलं. पोपनेच असं विचारलं म्हणून अनेकांना धक्का बसला, पण परंपरेच्या हिशेबाने ते चुकीचं काहीच बोलले नव्हते. टीका झाली ती वेगळ्या जागी. गुन्हेगारांच्या एका टोळीने जर्मन लोकांना वापरून घेतलं, असं ते म्हणाले. साध्या माणसांचा आणि चर्चचा त्यातला वाटा कुठे गेला, असं टीकाकारांनी विचारलं. ती टीका रास्त होती. ‘देव कुठे होता’ हा प्रश्न खरा आहे, पण ‘आम्ही कुठे होतो’ या प्रश्नातून सुटायला तो सोयीचाही पडतो.

करोनाच्या पहिल्या लाटेत, २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी, पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभे राहिले. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून फिरवलेला लाकडी क्रूस तिथे आणून ठेवला होता, त्यावरून पाणी ओघळत होतं. वाचन होतं वादळातल्या तारवाचं. लाटा आत येतायत, येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय, आणि शिष्य त्याला हलवून म्हणतात, गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? ही वेळ देवाच्या न्यायाची नाही, आपण काय निवडतो याची आहे, असं फ्रान्सिस म्हणाले. नर्सेस, सफाई कामगार, दुकानांतले नोकर, ड्रायव्हर यांची त्यांनी एकेक करून आठवण काढली. महामारी ही शिक्षा आहे, असं सांगणाऱ्या प्रवचनांचा त्या वर्षी समाजमाध्यमांवर पूर आला होता. तेव्हा हे स्पष्ट बोलण्याची गरज होती.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती म्हणजे क्रूस. मार्कच्या शुभवर्तमानात येशूचे शेवटचे शब्द विलापाच्याच स्तोत्रातले आहेत, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ‘का’ विचारणारा आणि उत्तर न मिळालेला माणूस, त्यालाच ख्रिस्ती लोक देव म्हणतात. हे इतरांना चमत्कारिक वाटतं, आणि आहेही. हिटलरच्या तुरुंगातून १९४४ मध्ये डिट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने मित्राला लिहिलं की केवळ दुःख भोगणारा देवच मदत करू शकतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला फाशी झाली. यावर कोणी म्हणेल, माझ्याबरोबर बुडणारा देव मला नको, हात देणारा हवा. आक्षेप बिनतोड आहे. त्यावर ख्रिस्ती उत्तर एकच, तिसऱ्या दिवसाचं. पुनरुत्थान झालं, आणि एक दिवस तो सगळ्या डोळ्यांतले अश्रू पुसेल. हा पुरावा नाही, विश्वास आहे. तो नसेल तर बाकीची मांडणी टिकत नाही, हे प्रेषित पौलानेच करिंथकरांना लिहून ठेवलंय.

या विश्वासाचं रोजच्या कामात काय होतं, ते पंडिता रमाबाईंमध्ये दिसतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने त्यांचे वडील, आई आणि बहीण एकापाठोपाठ गेली. वीस वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक काय करते ते आपण पाहिलंय, म्हणून त्या तिथे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. त्याच काळात पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, तेही ख्रिस्ती झालेली बाई ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, ते पुरं करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

राहिली क्षमा, आणि बाहेरच्यांचा सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दलच होतो. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरमध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमथी, गाडीत झोपले असताना जमावाने गाडी पेटवली. बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात स्टेन्स तीसेक वर्षं काम करत होते. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि लेकीला घेऊन पुढची काही वर्षं त्या तिथेच काम करत राहिल्या. पण खटला थांबला नाही, आणि थांबवायला हवा असं क्षमेत कुठेच नाही. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा म्हणजे सूडाचा हक्क सोडणं. गुन्हा गुन्हा नव्हता असं म्हणणं नव्हे, आणि कायद्याचं काम अडवणंही नव्हे. शिवाय ज्याचं माणूस गेलंय त्याच्याकडून बाकीच्यांनी क्षमेची मागणी करणं हा तर शुद्ध उर्मटपणा आहे. ग्लॅडिसबाईंकडे ती कुणी मागितली नव्हती.

श्रीलंकेत हा फरक आणखी ठळक झाला. २१ एप्रिल २०१९, ईस्टरची सकाळ. कोलंबो, निगोंबो आणि बट्टिकलोआतली तीन चर्चं आणि कोलंबोतली तीन बडी हॉटेलं इस्लामी अतिरेक्यांच्या आत्मघाती बॉम्बस्फोटांनी हादरली. २६० हून अधिक माणसं गेली. कार्डिनल माल्कम रंजित यांनी पहिल्या दिवसांत एकच धोशा लावला, मुसलमान शेजाऱ्यांवर हात उगारू नका. पुढचे रविवार चर्चं बंद ठेवून मिस्सा (रविवारची उपासना) टीव्हीवर दाखवली. मग मात्र सरकारला ते प्रश्न विचारू लागले. हल्ला होणार याची गुप्त माहिती आधी मिळाली होती, ती दाबून कोणी ठेवली? २०२१ च्या मार्चमध्ये चर्चने काळा रविवार पाळला, लोक काळे कपडे घालून मिस्साला आले. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना, इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल, स्वतःच्या खिशातून १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. कटाचा खरा सूत्रधार कोण, हा प्रश्न कार्डिनल त्या निकालानंतरही विचारतच राहिले.